करंडीतल्या चहाचं तिसरं पाणी

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते गवताची गंजी फोडायचं. दिवाळी झाल्यावर अवकाळी पाऊस पडला आणि गंजीच्या माथ्यावरून पाणी आत मुरलं. सकाळच्या उन्हात तिच्यातून वाफ निघताना दिसली. यमुनेनं, म्हणजे माझ्या बायकोनं, पदर खोचला आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

"कडत हाय आतून. आज न्हाई फोडली तर पेट घील," ती म्हणाली.

मग हात बाहेर काढून तिनं नाकाशी नेला, वास घेतला आणि हसली. कुबट गवताच्या वासाला हसणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

"काय हसतीस?"

"काई न्हाई."

दुपारपर्यंत सगळं गवत खळ्यावर पसरलं आणि ओसरीवर बसून चहा घेतला. आमच्या डिंगोरे गावात चहाची पहिली पुडी पुण्याहून मी आणली. यमुनेला पहिला चहा पाजला तोही मीच. ह्या गोष्टीचा मला ताठा होता, तो लपवत नाही. गूळ, दूध, आलं, सगळं घालून मी चहा करतो आणि लोक मागून पितात. त्या दिवशी यमुनेनं दोन घोट घेतले आणि उरलेला माझ्या पेल्यात ओतला.

"ह्यात निसता रंग हाय," ती म्हणाली. "मुरलेला न्हाई."

"चहा काय लोणचं हाय मुरायला?"

"सांगीन कवातरी."

संध्याकाळी तिला हुडहुडी भरली. तो ताप उतरलाच नाही. आठवडाभरात ती गेली. सांगायचं राहिलं.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर बसून नुसता मान वाकडी करायचा. मी हात जोडून म्हणालो, गाय सांभाळीन. हलला नाही. चिलीम सोडीन म्हणालो. त्याला ते खोटं वाटलं असावं, कारण मलाही वाटलं. उन्हं डोक्यावर आली, भाऊबंद चुळबुळ करायला लागले. तेव्हा आमच्या शेजारची भागा मागून पुटपुटली, "यमुने, तुला चाचाचा जुन्नरचा चहा आणून देत्याल." बोलणं पुरं व्हायच्या आत कावळा खाली आला आणि पिंड घेऊन गेला.

लोकांनी हात जोडले. माझ्या अंगाची मात्र आग झाली. एवढा संसार केला, माझ्या शब्दाला आली नाही आणि कुणा चाचाच्या चहाला आली!

भागेला घरी धरलं. ती आधी "मला काय म्हाईत" म्हणाली. मग म्हणाली, "बाजाराला गेलो की आमी जुनी तरटं आन तुटकं दोर जुन्नरच्या कागद्याला घालायचो. त्यो त्याचा कागद करतो. यमुना तिथं चहा घ्यायची. मी बी एक घोट घेतलाय. मला न्हाई आवडला. जावा आन बगा तुमीच."

म्हणून गेलो. गावात अजून लोक विचारतात, तेरावं झाल्या झाल्या म्हातारा कुठं गेला होता? त्यांच्यासाठी हे लिहितो. मी तिसरीपर्यंत शिकलेलो आहे. चुका काढू नयेत.

तांबडं फुटताना निघालो. खांद्यावर घोंगडी, फडक्यात भाकरी आणि लसणाची चटणी. खिंड चढेपर्यंत अंगातली थंडी गेली आणि नेमका तिथंच डाव्या वहाणेचा आंगठा (अंगठ्यात अडकवायची चामड्याची वादी) तुटला. रस्त्याला चांभार नाही. सुतळीनं बांधून पुढं चाललो, पण सुतळी कातायला लागली तशी वहाण हातात घेतली. खिंडीतून शिवनेरी दिसतो. लोक तिथं थांबून किल्ल्याला हात जोडतात, मीही दरवेळी जोडतो. त्या दिवशी जोडले नाहीत. यमुना ह्या वाटेनं तरटांचं ओझं घेऊन बाजाराला जायची आणि मला वाटायचं की ती दमून येत असेल. येताना तिच्या तोंडाला सुपारीचा वास यायचा. मी समजायचो, भागेनं दिली असेल.

जुन्नरात कागद्यांची आळी नदीच्या अंगाला आहे. पूर्वी म्हणे ओळीनं घरोघर कागद व्हायचा, आता गिरणीचा कागद आल्यापासून निम्म्या घरांना कुलूप. नाक जिथं नेईल तिथं जायचं. चुनखडीत भिजलेल्या तरटांचा वास येतो. एका अंगणात पांढऱ्या दाढीचा माणूस भिंतीवर ओले कागद चिकटवत होता. केरसुणीसारख्या कुंचल्यानं कागद असा बसवायचा की एक सुरकुती नाही. हाच उस्मानचाचा.

"कोण पावणं?" त्यानं मागं न बघता विचारलं.

"डिंगोऱ्याचा. यमुनेचा नवरा."

तेव्हा तो वळला. "यमुनाबाई न्हाई आल्या दोन बाजार. बऱ्या हायेत ना?"

मी सांगितलं. त्यानं कुंचला बादलीत ठेवला आणि तसाच उभा राहिला. भिंतीवरचा अर्धा चिकटलेला कागद सुटून खाली आला तरी त्याचं लक्ष नाही. मला ते आवडलं नाही. माझ्या बायकोसाठी दुसऱ्यानं एवढं थांबायचं काय कारण?

"मी चहाचं बघायला आलोय," मी म्हणालो.

"बसा. पानी तुमचं तुमी काढा हिरीचं. ती रीत हाय हितली. त्या पन तसंच करायच्या."

आमच्यात मुसलमानाच्या घरचं पाणी घेत नाहीत. ते त्याला माहीत होतं. मी पाणी शेंदलं. तेवढ्यात त्यानं कोनाड्याकडं बोट केलं, "वाटी तिथं हाय त्यांची. आमी कुनी हात लावत न्हाई. राखंनं घासून त्या सोता ठेवायच्या."

कोनाड्यात माझ्या आईची काशाची वाटी होती. काठाला पोचा आहे, लाखात ओळखीन. ही वाटी किती वर्षांपूर्वी घरातून गेली होती! विहिरीत पडली असं धरून मी गळ टाकून दिवसभर विहीर ढवळली होती, आणि यमुना काठावर उभी राहून "जरा डावीकडं बगा, डावीकडं" असं सांगत होती. ती वाटी इथं, परक्याच्या कोनाड्यात, लखलखीत.

मी वाटी उचलून घेतली. बोललो असतो तर वाईट बोललो असतो.

चाचानं वेताच्या झाकणाची एक बांबूची करंडी आणली. तळाला चिमूटभर काळा चुरा उरला होता. तो त्यानं मातीच्या लोटक्यात टाकला, वर उकळतं पाणी ओतलं आणि झाकण ठेवलं. गूळ नाही, दूध नाही.

"गूळ?" मी म्हणालो.

"न्हाई घालत."

पहिलं पाणी मातकट. पावसाळ्यात माळ्यावर चढल्यावर जो वास येतो तो. मी म्हणालो, "हा खराब झालाय."

चाचा हसला. "यमुनाबाई पन पैल्यांदा ह्येच म्हनाल्या. लई जुनी गोष्ट. तवा चहा म्हंजे काय हे बी त्यास्नी म्हाईत न्हवतं."

"कधीची?"

त्यानं त्याच्या मोठ्या मुलीच्या लग्नाचं साल सांगितलं. मी पुण्याहून पुडी आणली त्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. म्हणजे मी तिला पहिला चहा पाजला तेव्हा ती पदरात तोंड लपवून हसली होती, ती लाजेनं नव्हे.

चाचा तरणा असताना मुंबईहून चीनला जाणाऱ्या आगबोटीवर भंडारी (बोटीवरचा स्वैपाकी) होता. आता त्याचा पुतण्या बोटीवर आहे, तो वर्षा-दोन वर्षांनी अशी करंडी आणतो. मी विचारलं, "ह्यात आन दुकानातल्या चहात फरक काय? पाला तोच ना?"

"पाला त्योच. झाड बी तेच. करनी दुसरी." तो मांडी घालून बसला. "तुमी वांगं चिरून ठेवलं तर काय हुतं?"

"काळं पडतं."

"तसा तुमचा दुकानातला चहा. पाला तोडायचा, सावलीत मलूल करायचा, चुरगाळायचा. त्येचा रस वाऱ्याला लागला की चिरल्या वांग्यावानी रंग चढतो. मनासारखा चढला की भट्टीवर वाळवून टाकायचा. झालं. त्येचं जे व्हायचं ते एका दिसात झालं. तितनं फुडं त्यो निसता शिळा हुतो, वास उडतो. आपन त्येला काळा म्हनतो, चिनी मानूस लाल म्हनतो. त्येचा काळा चहा म्हंजे ह्यो."

"आन ह्यो कसा?"

"ह्यात पाला आधी तापल्या कढईत परतायचा. मग त्येचं वांगं व्हत न्हाई, हिरवाच ऱ्हातो. मग चुरगाळायचा, वलाच ढीग घालायचा आन वरनं झाकायचा. आतून त्यो आपला आपन तापतो. लई तापला की फोडायचा, उलथापालथ करायची, परत ढीग. मी गोदामात बघितलंय, म्हातारा कारागीर कोपरापातुर हात घालायचा ढिगात. हात बाहीर काडून वास घ्यायचा. वासावरनं सांगायचा, अजून ठेवा न्हाईतर फोडा. मग वाफ देऊन करंडीत दाबायचा आन वर्सं वर्सं ठेवायचा. ह्यो करंडीत गेल्यावर बी मुरत ऱ्हातो, वर पिवळी बुरशी धरली की समजायचं, झ्याक मुरला. दुकानातला मेलेला आसतो, ह्यो जिता."

माझा घोट तोंडातच राहिला. "हे तू यमुनेला सांगितलं व्हतंस?"

"कितीदा! त्या म्हनायच्या, चाचा, ढिगात हात घालायचं परत सांगा."

म्हणजे त्या दिवशी माझ्या गंजीत हात घालून ती जुन्नरचा वास घेत होती. माझं गवत, माझं खळं, शेजारी मी उभा, आणि हसू आलं ते ह्या अंगणासाठी.

दुसरं पाणी दाट आलं, सुपारीच्या खांडासारखं लाल-काळं. आणि वासही सुपारीचाच. चाचा म्हणाला, व्यापारी तोच वास शोधतात, तो आला की माल मुरला. पोटाला ऊन लागलं, जळजळलं नाही. चांगला होता. चांगला होता ह्याचाच राग आला.

"आता तिसरं पानी," चाचा म्हणाला. "खरा चहा तिसऱ्या पान्याला. दुकानातला चहा पैल्या पान्यात सगळं देऊन मोकळा. ह्यो तिसऱ्याला गोड हुतो. पन यमुनाबाईंना कदी न्हाई मिळालं."

"का?"

"उनं कलली की उठायच्या. म्हनायच्या, ते भाकरीची वाट बगत आसत्याल."

मीही उठलो. "मलाबी नगं," म्हणालो. वाटी धुतली आणि कमरेला बांधली. चाचा नुसता बघत राहिला. नको म्हणाला नाही, हेही मला लागलं.

"तिच्यासाटी थोडा चहा पायजे," मी म्हणालो. कावळ्याचं सांगितलं.

"करंडी रिकामी झाली, भाऊ. बगितलीत न्हवं. पुतन्या कदी येतोय कुनास ठाऊक. पन मागल्या करंडीतली एक ढेप त्यांनी न्हेली हाय. भावाकडं ठेवते म्हनाल्या, आंबेगावला."

घरी नाही. भावाकडं!

रात्र धर्मशाळेत काढली, वहाणेला आंगठा लावून घेतला आणि सकाळी घोडेगावला मिठाची गाडी जात होती तिच्यात बसलो. गाडीवान बोलका. मीना नदीच्या पात्रात त्याचा एक बैल खाली बसला आणि उठेना.

"ह्याला हितं आलं की बसायचं आसतं," गाडीवान म्हणाला. "सासुरवाडी हाय त्याची."

मी मीठ भिजू नये म्हणून गोणी धरून गुडघाभर पाण्यात उभा. त्यानं विचारलं, "पावणं कुनीकडं?"

"मी पन सासुरवाडीला."

"मंग तुमी का तोंड पाडलंय? बैल बगा कसा खूश हाय."

घोडेगावला नदीकाठी भाकरीचं फडकं सोडलं. शेजारी एका बाईनं ताकाचा पेला दिला, त्यात जिरं भाजून टाकलं होतं. पुढं आंबेगावपर्यंत पायीच. घोड नदीचं खोरं आत आत अरुंद होत जातं, दोन्ही अंगांना डोंगर जवळ येतात. भात कापून झालेलं, खाचरांत नुसते बुडखे. गावाच्या अलीकडं धुकं असं खाली बसलं होतं की देवळाचा कळसच दिसत होता. यमुना ह्या धुक्यातली. डिंगोऱ्याचं ऊन तिला कधी मानवलं नाही, हे ती नवी नवरी असताना बोलली होती.

मेहुणा महादू अंगणात हिरड्याची पोती शिवत होता. "या दाजी," म्हणाला आणि रडला. मी रडलो नाही. मला आधी ढेप बघायची होती.

महादूची बायको कोंडाबाई तोंडाची खमकी. ती म्हणाली, "हाय ना माळ्यावर. वन्सं भाऊबीजेला ठेवून गेल्या. म्हनाल्या, हितं वारा लागतो, वास लागत न्हाई, मुरू द्या."

"माझ्या घरात काय वारा येत न्हाई?"

"तुमच्या घरात चिलीम हाय, दाजी. त्याला कशाचा बी वास लगेच धरतो म्हनं."

"मला सांगायचं व्हतं. मी भाईर वडली आसती."

"सांगू नका म्हनाल्या. सांगितलं तर ह्ये त्यात गूळ आन दूध घालत्याल म्हनाल्या." कोंडाबाई हसली. "आन म्हनाल्या, कोंडा, माजं माजं असं एक तरी काई असू दे."

घरदार, गाय, दागिना, सगळं तिचंच आहे असं मी धरून चाललो होतो.

महादूनं ढेप काढली. सागाच्या पानात गुंडाळलेली, नारळाच्या वाटीएवढी. पान सोडलं तर तिच्यावर पिवळे बारीक कण.

"बुरसलं हे," महादू म्हणाला. "फेकून देऊ?"

"ठेव!" मी एवढ्यानं ओरडलो की कोंबड्या पळाल्या. मग बघितलं तर ढेपेचा एक कोपरा तोडलेला.

"हे कुनी खाल्लं?"

कोंडाबाई पदराशी चाळा करायला लागली. "वासरू फुगलं व्हतं. म्हटलं हिरड्यासारकंच काळं दिसतंय, काडा करून पाजावा. बरं झालं की वो वासरू. उडतंय बगा."

वासरू खरंच उडत होतं. म्हणजे चाचा प्याला, भागा प्याली, वासरू प्यालं. तिच्या मनाचा धनी म्हणवणारा मी सगळ्यांच्या शेवटी.

महादूकडं एक दिवस राहिलो. नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं कोंडाबाईनं चांगलं केलं होतं, ते कबूल करतो. निघताना तिनं ढेप केळीच्या खोडाच्या सोपात घट्ट बांधून दिली आणि म्हणाली, "गूळ नगा घालू, दाजी."

परतताना जुन्नर वाटेतच. कागद्यांच्या आळीचं वळण आलं तेव्हा मी मुद्दाम बाजारपेठेच्या अंगानं गेलो. चाचाची करंडी रिकामी आहे हे मला माहीत होतं. मला वाटून घ्यायचं नव्हतं. लांबून त्याच्या भिंतीवर कागद वाळताना दिसले, पांढरे, ओळीनं. खिंडीत थांबलो, किल्ल्याला हात जोडले आणि दिवस मावळायच्या सुमारास घरी आलो.

प्रवास केला की माणूस शहाणा होतो म्हणतात. मी फार झालो नाही. एवढंच कळलं की मी दुकानातल्या चहासारखा माणूस. माझं जे काय होतं ते मी पहिल्या पाण्यातच सांगून टाकलं आणि वाटलं, बायकोचंही तसंच असणार, सगळं वर दिसतंय तेवढंच. ती आत मुरत होती. हेवा जात नाही. चाचाचा वाटतो, त्या अंगणाचा वाटतो, वासराचासुद्धा वाटतो. जाईल तेव्हा जाईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवली. चिलीम खुंटीलाच राहू दिली. ढेपेचा तुकडा मोडून नव्या लोटक्यात टाकला आणि उकळतं पाणी ओतलं. पहिलं पाणी मी प्यालो. दुसरंही मीच प्यालो. ही दोन्ही पाणी तिनं जुन्नरला पोटभर घेतली होती. गुळाची ढेप समोर होती. हात लावला नाही.

तिसरं पाणी ओतून झाकण ठेवलं आणि थांबलो. वाटी राखेनं घासली. तिसऱ्याला चहा निवळतो, वाटीचा तळ दिसतो आणि वास मऊ होतो. भरलेली वाटी दोन्ही हातांनी धरून खळ्यावर नेली. गंजी फोडून पसरलेलं गवत अजून तिथंच होतं, वाळून कोरडं झालेलं. तिथं दगडावर वाटी ठेवली. कावळा बांधावर होता. त्याच्याकडं मी बघितलं नाही.

"हे जुन्नरला मिळालं न्हवतं तुला," मी म्हणालो. "उठू नगं. निवांत घे. आज भाकरी मी थापतो."

आणि आत जाऊन पीठ मळायला घेतलं.